कोपराइतकं पाणी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. कमळाअक्का. माझी थोरली बहीण. पहूरजवळच्या आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला अक्काने मला तिच्या सासरी आणलं आणि इंजिनिअर होईपर्यंतची नऊ वर्षं मी तिच्या घरी राहिलो. आमच्या घराण्यातला पदवीचा पहिला कागद माझ्या नावाचा आहे. तो कागद मिळाला त्या दिवशी मी पाया पडायला वाकलो, तर तिने माझे खांदे धरून मला उभं केलं आणि म्हणाली, "हे उपकार-बिपकार कॉलेजात शिकला काय? कळण्याची भाकर थंडी होऊन राहिली. बस जेवाले."

यंदाही माघ सरला आणि जळगावहून नशिराबादकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला टरबुजांचे ढीग लागले. गोल, काळपट हिरवी, एकसारखी टरबुजं. ही शेतात होतात, ठिबकवर होतात, चांगली गोडही असतात. मी एक घेतलं, घरी आणलं, कापलं. सगळं नीट होतं. फक्त वाळूचा वास नव्हता.

तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना तो सांगावा लागत नाही आणि बाकीच्यांना सांगता येत नाही. दिवाळी झाली की अक्काच्या गावची नदी उतरायची. नकाशात तिला नाव आहे, पण काठावरचं कुणी ते घेत नाही. ती नदी, बस. पाणी एका कडेला धारेएवढं उरायचं आणि मधली वाळू उघडी पडायची. मग काठावरची घरं आपापला तुकडा आखून घ्यायची आणि डांगरवाड्या लागायच्या. ओल लागेपर्यंत वाळूत चर खणायचे, त्यात शेणखत भरायचं, टरबुजाचं, डांगराचं म्हणजे खरबुजाचं, काकडीचं बी टोकायचं. कडेने तुराट्यांचा आडोसा. फाल्गुनात वेल वाळू झाकून टाकायचे. पिकलेल्या डांगराचा वास, तापलेल्या वाळूचा वास आणि खालून येणारा ओलाव्याचा गारवा, असं तिन्ही मिळून नाकाशी यायचं. दहावीची भूमिती मी त्या वासात पाठ केली. अजूनही वर्तुळाचं प्रमेय आठवलं की मला भूक लागते.

प्रत्येक वाडीत एक झिरा असायचा. झिरा म्हणजे वाळूत खणलेला खड्डा, त्यात आतलं पाणी पाझरून जमायचं. वेलींना तेच, प्यायलाही तेच. अक्का रोज सकाळी झिऱ्याच्या काठावर पालथी पडायची, उजवा हात खाली सोडायची आणि पाणी कुठवर आलं ते बघायची. वाडीवाल्यांचं माप तेच होतं. पौषात पाणी मनगटाला लागायचं, म्हणजे हात मनगटापर्यंत खाली सोडला की बोटं भिजायची. फाल्गुनात कोपराला. वैशाखात काखेला. त्याखाली गेलं की वाडी मोडायची. घरी परतताना बायका एकमेकींना विचारायच्या, "काय वं, तुह्या झिऱ्याले किती?" आणि उत्तर यायचं, "कोपर." साऱ्या नदीचा हिशेब एका शब्दात.

मी चार वर्षं प्रवाहाचा वेग काढायची सूत्रं शिकलो. परीक्षेत त्यांना चांगले गुण मिळाले. अक्काचं माप कुठल्याही पेपरात आलं नाही, म्हणून ते मला ज्ञान वाटलं नाही. हे लिहायला आज लाज वाटते, पण लिहितो.

नोकरी लागली आणि तिसऱ्याच वर्षी त्या नदीवरचा हायवेचा पूल बदलायचं काम माझ्याकडे आलं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. जुना पूल दगडी कमानींचा, चुन्यात बांधलेला, बुटका आणि इतका अरुंद की केळीचा ट्रक समोरून आला की एसटीला टोकाला थांबावं लागे. त्याच जागी नवा, रुंद, उंच पूल व्हायचा होता. म्हणजे आधी नदीपात्रातून वळणरस्ता काढायचा, वाहतूक त्यावर घ्यायची, जुना पूल पाडायचा आणि पावसाळ्याआधी नव्या पुलाचे खांब पुराच्या वर न्यायचे. वळणरस्ता पुलाच्या वरच्या अंगाला होता. पुलाच्या खालच्या अंगाला डांगरवाड्या, त्यांच्याखाली गावाचा डोह. वाड्यांमधली तिसरी वाडी अक्काची.

कागदावर वळणरस्त्याचं काम सोपं होतं. पाणी जायला तीन सिमेंटचे पाइप, त्यावर मुरमाचा भराव. पण मला चांगलं काम करायचं होतं. वाळूवर ट्रक रुततील, या भीतीने मी पदरचं डोकं चालवलं. रस्त्याच्या रेघेत पाऽर खालच्या घट्ट मुरमापर्यंत वाळू उपसली, तिथे काळी माती भरली, पाणी मारमारून धुमसाने ठोकून घेतली आणि मग त्यावर पाइप आणि मुरूम. रस्ता दगडासारखा झाला. पहिला लोडेड ट्रक गेला तेव्हा जरासुद्धा दबला नाही. साहेबांनी जीपमधून उतरून बुटाने ठोकून बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "याला म्हणतात काम!" मी त्या संध्याकाळी अक्काकडे पेढे घेऊन गेलो होतो.

पंधरा दिवसांनी अक्का साइटवर आली. डोक्यावर पदर, पायात वाळू, हातात सुकलेला एक वेल. मजूर काम थांबवून बघायला लागले. मी शरमलो, खरं सांगतो. मुकादम धर्माआप्पा जवळ उभे होते. ते धुळ्याकडचे, केस पांढरे झालेले, आयुष्य रस्त्यांवर गेलेलं.

"दिगू," अक्का म्हणाली, "नदी कोठी नेली रे?"

"अक्का, नदी आहे तिथंच आहे. ते पाइप बघ ना. वाहतंय पाणी."

तिने पाइपांकडे बघितलंसुद्धा नाही. "ती धार झाली. मी नदीचं इचारून राहिली. माह्या झिऱ्याले पानी काखेले गेलं. माघातच. शेजारणीच्या झिऱ्यात तं माती लागली."

"यंदा पाऊस कमी होता."

"पाऊस तुह्या रस्त्याच्या वरल्या अंगाले येगळा पडला काय?" असं म्हणून ती चालायला लागली आणि मला मागे जावं लागलं. वळणरस्त्याच्या वरच्या बाजूला तिने बसून वाळू उकरली. वीतभर उकरताच खड्ड्यात पाणी चमकलं. "पाह्य," ती म्हणाली, "आठी मनगट बी नाही बुडत." मग रस्ता ओलांडून आम्ही खालच्या बाजूला आलो. "आता तू उकर."

मी नवी पँट सावरत उकरायला लागलो. कोपर गेलं. दंड गेला. मी पालथा पडलो, गाल वाळूला टेकला, हात काखेपर्यंत आत गेला आणि बोटांना लागली ती कोरडी, कोमट वाळू. पंधरा पावलांच्या अंतरात एका बाजूला मनगट आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मधे माझा रस्ता. दगडासारखा.

"उन्हाळ्यात नदी वरतून नाही जात रे बाप्पा," अक्का माझ्या डोक्यावर उभी राहून म्हणाली, "खालतून जाते. वरतून जे दिसते ना, ते नुसतं उतू गेलेलं."

धर्माआप्पा मागून आले होते, आणि असं त्यांनी आधीही पाहिलेलं होतं. ते हळूच म्हणाले, "साहेब, मी दखेल शे असं. तुम्ही माती ठोकी तवय माले वाटनं व्हतं. पन तुम्ही शिकेल मानूस, मी काय बोलू?"

शिकलेला माणूस वाळूत पालथा पडला होता. मी रस्त्याखाली भिंत बांधली होती. नदीच्या पोटात, या काठापासून त्या काठापर्यंत, ठोकून ठोकून. कुणी सांगितली नव्हती. माझी स्वतःची हुशारी होती ती.

आता नव्वदचं दशकही सरत आलंय. मध्यंतरी धुळ्याला आमच्या खात्याची एक कार्यशाळा झाली. पूल बांधताना पर्यावरणाची हानी कशी कमी करावी, असा विषय होता. पंख्याखाली बसून आम्ही पुस्तिका चाळल्या. प्रवाह अडवू नये, राडारोडा पात्रात टाकू नये, सिमेंटचं पाणी नदीत सोडू नये. वाक्यं सगळी खरी होती. मी उभा राहून विचारलं, "प्रवाह अडला की नाही हे कोण बघणार? आणि कुठे बघणार, वर की खाली?" वक्ते म्हणाले, निरीक्षणासाठी योग्य यंत्रणा असेल. मी म्हणालो, "यंत्रणा काठावर राहते. टरबूज लावते. तिला विचारायची रीत पुस्तिकेत कुठल्या पानावर आहे?" लोक हसले. मी बसलो नाही. उत्तराची वाट बघत उभा राहिलो. चहा आला.

तेव्हा हे शब्द आमच्याकडे नव्हते. तेव्हा मी साहेबांच्या केबिनमध्ये उभा होतो आणि माझ्याकडे फक्त अक्काचा हात होता.

"रस्ता तोडायचा?" साहेब म्हणाले. "चालू हायवे? टरबूजवाल्यांसाठी?"

"सर, खालचं पाणी बंद झालंय. गावाचं पिण्याचं पाणीही त्याच झिऱ्यांवर आहे. डोहसुद्धा उतरतोय."

"जूनमध्ये पाऊस येईल, रस्ता वाहून जाईल, नदी मोकळी. चार महिने कळ काढा म्हणावं."

"चार महिने वेल कळ काढत नाहीत, सर."

"अहो, नदीचा अर्ज आलाय का कुठे? कोणत्या फायलीला लावू?" ते हसले. वाईट माणूस नव्हते ते. त्यांच्या टेबलावर वरून आलेल्या तारखा होत्या, तेवढंच. "आणि ते पाडलेल्या पुलाचे दगड काठावर रचून ठेवलेत ते आधी हलवा. डोह आहे ना खाली? द्या ढकलून. खोल आहे, गिळून घेईल."

त्या डोहात भर चैत्रात म्हशी पाठीपर्यंत बुडून उभ्या असत. त्यात मरळ मासा पिल्लांचा लाल पुंजका घेऊन फिरताना मी पाहिला होता. गावातल्या चार पिढ्या त्यात पोहायला शिकल्या होत्या, मीही. तो शंभर वर्षांच्या दगडांनी एका आठवड्यात भरायचा होता, कारण ते दगड वाहून नेण्यापेक्षा लोटणं सोपं होतं.

मी केबिनमधून बाहेर आलो, सायकलला टेकून उभा राहिलो आणि त्या दगडांचाच विचार करत राहिलो. मोठे, घडीव, एकेक दोन माणसांनी उचलायचा. काळी माती काढून तिथे ते दगड रचले तर? दोन दगडांच्या मधल्या फटींतून पाणी जाईल. वरून ट्रकही जातील, कारण शंभर वर्षं त्याच दगडांनी ट्रक आणि गाड्या पेलल्या होत्या. नदी मोकळी होईल आणि डोहही वाचेल. लेखी परवानगी मिळणार नव्हती. ती मी मागितलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेडात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आम्ही वळणरस्त्याचा अर्धा भाग कापायला घेतला. लपवायचं काही नव्हतं. अर्ध्या रस्त्यावरून एकेरी वाहतूक, दोन्ही टोकांना लाल झेंडे घेतलेली माणसं. तासाभरात दोन्हीकडे ट्रकांची रांग लागली. त्यात केळीचे ट्रक. ऊन चढायला लागलं तसे आवाज चढायला लागले.

"ओ विंजिनेर साहेब, केळं पिकून राहिली, आठीच दुकान लावू काय?"

"काल चांगला रस्ता व्हता ना बाप्पा! चांगला मोडायचा बी पगार भेटते काय तुले?"

मग एक पागोटेवाले केळी बागायतदार ट्रकमधून उतरले आणि सरळ माझ्या छातीशी येऊन उभे राहिले. "माल काळा पडला तं तू भरून देशील? ऐकलं मी. बहिणीच्या टरबुजांसाठी हायवे अडवून राहिला तू."

मी काय उत्तर द्यावं, याचा विचार रात्रभर केला असता तरी जे सुचलं नसतं ते तोंडातून गेलं. "हो काका. बहिणीच्या टरबुजांसाठी. तुमची विहीर कुठंशी आहे?"

"विहिरीचं काय इथं?"

"सांगा तर."

"नदीकाठाले. डोहाच्या खाली."

"पाणी उतरलं का एवढ्यात?"

मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला तर त्यांनी वळून त्याला हात केला. मग खड्ड्याच्या कडेला येऊन वाकून बघितलं. काळ्या मातीची भिंत आता उभी कापलेली दिसत होती आणि तिच्या वरच्या अंगाने पाणी पाझरून खड्ड्यात उतरायला लागलं होतं. "दोन परस उतरलं," ते पाण्याकडे बघत म्हणाले. दोन परस म्हणजे दोन पुरुष उंचीएवढं. "मी मोटरीवाल्याले शिव्या देऊन राहिलो व्हतो." मग ट्रककडे जाता जाता धर्माआप्पांना म्हणाले, "हात चालवा जरा. केळं माहीबी उन्हात आहे."

सगळे असे नव्हते. एकाने जाताना आमच्या पाण्याच्या माठाला लाथ मारली. त्याचंही बरोबर होतं, त्याला घाई होती.

तिसऱ्या दिवशी दुसरा अर्धा भाग झाला. कमानींचे दगड नदीच्या पोटात बसले, त्यावर बारीक दगड, त्यावर मुरूम. रस्ता थोडा उंचसखल झाला. आधीसारखा दगडी गुळगुळीत नव्हता, आणि गंमत म्हणजे आता तो खरोखरीचा दगडांचा होता. उरलेल्या दगडांनी काठ बांधून घेतला. त्याच झपाट्यात मी सिमेंट कालवायचं यंत्रही पात्रातून उचलून काठावर नेलं आणि घमेली धुवायला तिथेच खड्डा खणला. एरवी ते पांढरं पाणी सरळ धारेत जायचं. अक्का म्हणाली होती, "तुमची भांडी आमच्या पिण्याच्या पान्यात काऊन इसळता रे?"

मग वाट बघणं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी मी कामाच्या मधेच दोनदा वाडीत जाऊन आलो. अक्का वैतागली. "नदी काय एसटी आहे, टायमावर याले?" तिसऱ्या दिवशी सकाळी ती साइटवर आली नाही. लांबूनच, वाडीच्या कडेला उभी राहिली आणि उजवा हात वर केला. ओला हात. उन्हात बोटं चमकत होती. डाव्या हाताने ती कोपर दाखवत होती.

धर्माआप्पांनी डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं. "उनी," ते म्हणाले. आली.

वाडीतले निम्मे वेल गेले होते, ते गेलेच. उरलेल्यांना उशिरा पण टरबुजं धरली. मे महिन्यात नव्या पुलाचे खांब पुराच्या वर आले, पावसाळ्यापुरती वाहतूक लांबच्या दुसऱ्या रस्त्याने वळवली आणि आम्ही वळणरस्ता पात्रातून पूर्ण काढला. काळी माती शेतकऱ्यांनी बैलगाड्या लावून हौसेने नेली. पहिल्या पुराआधी नदी जशी होती तशी आम्ही तिला परत दिली. साहेब बघायला आले आणि गाडीत बसताना एक टरबूज घेऊन गेले.

कागद त्याआधीच आला होता. विनापरवानगी हायवेवरची वाहतूक अडवली, केलेलं काम तोडलं, खुलासा करा. ऑफिसातले बडे बाबू भले होते. त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, "चूक झाली, पुन्हा होणार नाही, एवढं लिहा. दोन ओळी. फाइल बंद." मी दोन दिवस तो कागद खिशात घेऊन फिरलो. घरात पहिलाच मी नोकरीला लागलेला. वडील गावात कुणी भेटलं की "मुलगा सरकारात आहे" हे आधी सांगत आणि नमस्कार मागून करत. दोन ओळींचाच प्रश्न होता.

मी काय लिहिलं ते खाली आहे. ते मी त्या वर्षी दिवाळीनंतर अक्काला कळवलं, तेव्हा माझी बदली होऊन गेली होती, धुळे जिल्ह्याच्या पार टोकाला, सातपुड्यात. अक्का चौथी शिकलेली. अक्षर जोडून जोडून वाचते. म्हणून पत्र मोठ्या अक्षरांत लिहिलं. परवा तिच्या घरी टरबूज घेऊन गेलो तेव्हा तिने ते डब्यातून काढून माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. तेच इथे देतो.

*

ती. अक्कास,

सा. न. वि. वि.

मी बरा आहे. इथे डोंगर आहेत, थंडी फार आहे. भाकरी नागलीची मिळते, चांगली असते. बदली शिक्षा म्हणून झाली असं गावात कुणी म्हणालं तर म्हणू दे. तू वाईट वाटून घेऊ नको.

खुलाशात मी काय लिहिलं ते तू विचारत होतीस. मी दोन ओळीच लिहिल्या. "नदीच्या पोटात मातीची भिंत घातली, ही माझी चूक झाली. ती तोडली, ही चूक नव्हती, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तोडीन." बाबांना तू समजावून सांग. माझ्याने होत नाही.

इथेही एक नदी आहे. लहान आहे. तिच्यावर पूल करायचा आहे, वळणरस्ताही आहे. काल साइटवर गेलो. नकाशा उघडला नाही. आधी काठावरच्या एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं, उन्हाळ्यात पाणी कुठून जातं. त्यांनी जागा दाखवली. तिथे बाही वर करून पालथा पडलो. लोक हसले.

पाणी मनगटाला लागलं. मी दगड मागवले आहेत.

तुझा,
दिगू